मशीनच्या कामाला हातकाम म्हणू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पहिल्याच पानावर बंजारा पोशाखातल्या चार मुलींचा मोठा रंगीत फोटो आला आहे. खाली ओळ आहे, ‘पिढ्यान्‌पिढ्या जपलेली तांड्यावरची हस्तकला’. फोटो झकास आहे. पण डावीकडून दुसऱ्या मुलीच्या अंगावरचा फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, माझ्या दुकानातून गेलेला आहे. काठाला पिवळ्या पायपिंगच्या दोन ओळी आणि मधून काळी नाडी, असा घेर आमच्या भागात मी एकटाच लावतो. त्यावरचं भरतकाम सुरतेहून थानात येतं. आरसे प्लास्टिकचे, कवड्याही प्लास्टिकच्या, आणि जोडणी माझ्या मोटरच्या मशीनवर. दुपारी कापायला घेतला तर दिवेलागणीला तो हँगरवर असतो. त्याला हस्तकला म्हटल्याचं वाचून आधी हसू आलं. मग आठवलं की आपला पेपर तांड्यावरही जातो, आणि तिथे सुई हातात धरून बसलेली बाई हे पान पाहणार आहे. म्हणून हे पत्र.

मी दिग्रसचा शिंपी. वडील हातमशीन सायकलला बांधून आठवडी बाजार करायचे, झाडाखाली पोतं टाकून बसायचे. मी पक्क्या दुकानात बसतो, एवढाच फरक. गिऱ्हाईक तेव्हाही तांड्यांवरचं होतं आणि आजही निम्म्याहून जास्त तेच आहे. पुसद, दिग्रस, महागाव, मानोरा या पट्ट्यात त्यात नवल काही नाही. बंजारा समाजातले मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचं गहुली इथलंच, आणि समाजाचं तीर्थस्थान पोहरादेवीही फार लांब नाही. माझ्या धंद्याचं पंचांग त्यामुळे जरा वेगळं आहे. पंधरा फेब्रुवारीला बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची जयंती, मग होळी आणि लेंगीचे, म्हणजे होळीच्या गाण्यांचे, कार्यक्रम, रामनवमीची पोहरादेवीची जत्रा, श्रावणात मुलींची तीज. दिवाळीपेक्षा फेब्रुवारीत माझी मशीन जास्त चालते.

मी बंजारा नाही. त्या समाजाच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही आणि तसा आवही आणत नाही. त्यांच्यात लिहिणारे-बोलणारे भरपूर आहेत. मी फक्त माझ्या मालाबद्दल बोलतो. माल मशीनचा आहे, चांगला आहे, पैशाला वसूल आहे, आणि तो मी मशीनचा म्हणूनच विकतो. त्याच्यावर दुसऱ्याच्या कष्टाचं नाव चिकटवण्याचं काम जे लोक करतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. त्यात आपणही आलात, रागावू नये.

हाताचं काम म्हणजे काय, हे मला दुरुस्तीने शिकवलं. जुन्या कांचळ्या, म्हणजे भरतकामाच्या चोळ्या, माझ्याकडे येतात. कुणाची बाही उसवलेली, कुणाचे पाठीवरचे बंद तुटलेले. (कांचळीला पाठ नसते, बंद बांधूनच ती अंगावर राहते, त्यामुळे आधी बंद जातात.) अशी कांचळी मशीनखाली सारून पाहा. कापड दुहेरी-तिहेरी, त्यावर टाक्याला टाका लागलेला, मधे काचेचा आरसा, कवडी, शिशाचा मणी. सुई पहिल्याच फेऱ्यात मोडते. माझ्या कारागिराने अशा सुया मोडल्यावर मी त्याला सांगून टाकलं, हे काम हातानेच करायचं, जमत नसेल तर परत द्यायचं. एकदा अशाच एका जुन्या फेटियाच्या कमरपट्ट्याचं अस्तर उसवलं. या कमरपट्ट्याला ते लेपो म्हणतात, आणि भरतकाम सगळ्यात दाट असतं ते तिथेच. आतल्या थरावर कुठल्या तरी जिनिंगचा निळा शिक्का निघाला. कापसाच्या गाठीचं कापड कुण्या बाईने धुऊन, थर लावून आत घातलं होतं. जुनं लुगडं, धोतर, पोतं, काहीच वाया गेलेलं नसतं. वरून दिसतो तो लाल-निळा रंग, आत सगळ्या घराचं चिंधूक.

ज्यांना ओळखायचं असेल त्यांनी कापड उलटं करावं. दर्शनी बाजू फसवते, उलटी फसवत नाही. मशीनला दोन धागे लागतात, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबिनचा. बॉबिनमध्ये सगळे पांढराच धागा भरतात, म्हणून वर सात रंग असले तरी मागे सगळीकडे पांढरी रेघ दिसते, आणि बऱ्याचदा भरतकामाखाली कागदासारखं कडक अस्तर चिकटलेलं असतं. हाताला एकच धागा असतो. वर लाल तर मागेही लाल, आणि एका नक्षीवरून दुसऱ्या नक्षीवर धागा कसा गेला त्याची वाट मागे दिसते. आरशाचंही तसंच. खऱ्या आरशाला भोक नसतं. आधी त्याच्यावरून आडवे-उभे धागे टाकून चौकट करायची, ती ताणून आरसा जागेवर धरायचा, मग त्या चौकटीत सुई घालत घालत भोवती गोल विणत जायचं. मशीन काचेवरून जाऊच शकत नाही. म्हणून आमच्या मालात आरसा चिकटवलेला असतो, नाहीतर तयार भरलेल्या कड्यात बसवून आलेला असतो. दोन धुण्यांत त्याची चकाकी जाते. काचेचा आरसा आजीच्या कांचळीवरून उसवून नातीच्या कांचळीला लावलेला मी स्वतः पाहिला आहे. नाणी तर त्याहून जुनी. पंचम जॉर्जचं मुंडकं असलेल्या चांदीच्या पावल्या ओढणीच्या काठाला पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याच शेजारी आता बाजारात कुणी घेत नाही ती आपली चार आण्यांची नाणीही.

इथून जवळच्या एका तांड्यावर नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरची एक आजी आहे. तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणतो, मीही म्हणतो. तिला मी एकदा विचारलं की तुम्ही कापडावर आधी काही आखत कसं नाही. चौकोन, त्रिकोण, शंकरपाळे सगळे काटेकोर, आणि खडूची एक रेघ नाही. ती म्हणाली, “तुमा शिंप्यायले खडू लागते भाऊ. आमाले धागे मोजता येते.” जाडंभरडं हातमागाचं कापड असलं की उभे-आडवे धागे नजरेने मोजून नक्षी बसते. म्हणून तिला मिलचं तलम कापड नको असतं. टेरिकॉट तर ती हातात धरत नाही.

हे काम आलं कुठून, हे आपल्या वाचकांना थोडं सांगायला हवं, कारण तांडा म्हटलं की ऊसतोड आणि वीटभट्टी एवढंच डोळ्यांपुढे येतं. रेल्वे नव्हती तेव्हा देशभर मीठ आणि धान्य वाहिलं ते यांच्या लदेणीच्या, म्हणजे पाठीवर माल लादलेल्या, बैलांनी. आपल्या वऱ्हाडचा कापूसही बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. घर सारखं चालतं, म्हणून जे सजवायचं ते अंगावर नाहीतर बैलावर. बैलांच्या कपाळपट्ट्या, झुली, मिठाच्या पिशव्या, घागरीखालची चुंबळ आणि तिच्या मागे पाठीवर लोंबणारा फुलिया, सगळं भरलेलं. कवडी तेव्हा बाजारात सुटे पैसे म्हणून चालायची, ती कपड्याला आली. मग १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि बैलांचा धंदा बसला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याचा फास अनेक तांड्यांच्या गळ्यात पडला. तो कायदा गेल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. बैल गेले, पिशव्या गेल्या, राहिलं ते बाईच्या अंगावरचं. आज आमच्याकडे रोज पूर्ण पोशाख घालणाऱ्या म्हाताऱ्याच उरल्या आहेत. सुना साडी नेसतात, नाती पंजाबी ड्रेस घालतात. त्यांना नावं ठेवणारे शहरातून येतात, फोटो काढतात आणि एसीच्या गाडीत बसून जातात. जुन्या फेटियाचं ओझं अंगावर घेऊन मे महिन्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून पाहाव्यात त्यांनी. पोरींना हलका पोशाख हवा आहे, तो मी देतो, त्यात वाईट काही नाही.

वाईट कुठे होतं ते सांगतो. याडीच्या सुनेने मागे एक कांचळी भरली. पेरणी, निंदण, वेचणी यातून जो वेळ मिळेल तो, रात्री पोरं झोपल्यावर. मोसम उलटून गेला. पुण्याहून एक ताई हस्तकलेच्या वस्तू गोळा करत आल्या होत्या, त्यांनी ती हातात घेतली, खूप कौतुक केलं आणि बाराशे रुपये सांगितले. सून म्हणाली, एवढ्यात तर धागाही निघत नाही. तर त्या ताई म्हणाल्या, ‘अहो, दिग्रसच्या बाजारात अशीच बाराशेला टांगलेली आहे.’ टांगलेली होती हे खरंच, माझ्याच दुकानात. पण ‘अशीच’ नव्हती. मी माझ्या मालाची किंमत माझ्या खर्चावरून ठरवतो: थान, अस्तर, कारागिराची मजुरी, दुकानभाडं. ती त्या सुनेच्या कामाची किंमत कशी काय झाली? दोन्हींना एकच नाव दिलं की बाजार स्वस्तातल्याचा भाव महागातल्याला लावतो. सुनेने कांचळी विकली नाही. त्या दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. तिकडे कोयत्यामागे उचल तरी आधी मिळते.

याडी म्हणाली ते तिच्याच शब्दांत देतो. “सुई धरली तं दिवस जाते, आन् पैसा येते तो नुसत्या सुताचा. मंग पोरीले कोन्या तोंडानं शिकवू?”

सरकारी खरेदीत हाच घोळ कागदोपत्री होतो. एका कार्यालयाला कार्यक्रमासाठी पंचवीसेक पोशाख हवे होते. नाव सांगत नाही, कारण असं करणारं ते एकटं नसावं. दरपत्रक मागवलं, मी भरलं, आणि वस्तूच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं, ‘बंजारा पोशाख, मशीन एम्ब्रॉयडरी’. तिथल्या साहेबांनी बोलावून सांगितलं, “मशीन हा शब्द काढा, हस्तकला लिहा, खर्चाचं शीर्ष तसं आहे.” मी म्हटलं, हस्तकलाच हवी असेल तर तांड्यावरच्या बायकांना सांगा, मुदत वाढवून द्या, दर चौपट धरा. ते म्हणाले, दर सगळ्यात कमी तोच घ्यावा लागतो. म्हणजे बघा, नाव हाताचं हवं आणि दर मशीनचा. मी शब्द काढला नाही. यात साधुपणा काही नाही, बिलावर माझा जीएसटी नंबर असतो. काम दुसऱ्याला गेलं आणि त्याने हस्तकला लिहून दिलं असणार. त्या कार्यक्रमाच्या खर्चात आज कागदावर ‘पारंपरिक हस्तकलेला प्रोत्साहन’ अशी नोंद असेल, आणि ते प्रोत्साहन सुरतेच्या एखाद्या कारखान्यातल्या बारा सुयांच्या मशीनला मिळालं असेल.

योजनांचं म्हणाल तर तिथेही सुईला जागा सापडत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. चांगली योजना आहे, मी स्वतः शिंपी म्हणून त्यात बसतो. अठरा व्यवसायांची यादी आहे: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, गवंडी, न्हावी, परीट, हार गुंफणारे, मासेमारीची जाळी विणणारे. भरतकाम नाही. तांड्यावरची एक पोरगी नोंदणीला गेली. केंद्रावरच्या मुलाने यादी वरखाली करून शेवटी तिला ‘शिंपी’मध्ये टाकलं. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष, त्याच्यासमोर अठराच रकाने. तिला शिलाईचं प्रशिक्षण मिळालं, रोजचा पाचशे रुपये भत्ता मिळाला, आणि पंधरा हजारांच्या कुपनातून काय आलं असेल? शिलाई मशीन. हाताचं भरणाऱ्या पोरीला सरकारने मशीन दिली. ती आता माझ्याकडेच फॉल-बिडिंगचं काम नेते आणि चार पैसे मिळवते. मी खूश आहे, तीही खूश आहे. पण तिच्या आईला येणारा आरसा बसवायचा टाका तिला येत नाही, आणि आता येण्याची शक्यताही नाही. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र मिळतं, ते भरतकाम करणाऱ्यांनाही मिळू शकतं. माझ्या ओळखीच्या तांड्यांवर ते मी अजून कुणाच्या हातात पाहिलेलं नाही.

दुसरी गंमत नदीच्या पलीकडची. पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण. तिथे हाच समाज लंबाडा म्हणून १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातीत, आपल्याकडे विमुक्त जातीत. त्यामुळे आदिवासी कारागिरांच्या वस्तू विकत घेणाऱ्या केंद्र सरकारच्या दुकानांत आदिलाबादची बाई अर्ज करू शकते, आणि तिची उमरखेडला दिलेली सख्खी बहीण करू शकत नाही. टाका तोच, आरसा तोच, आईने शिकवला तोही दोघींना एकाच ओसरीत. आरक्षणाच्या वादात मला पडायचं नाही, तो माझ्या दुकानाच्या बाहेरचा विषय आहे आणि सध्या तापलेलाही आहे. पण कापड विकत घ्यायला जातीचा दाखला कशाला लागावा, एवढं मात्र मला कळत नाही.

आपल्या पुरवणीतल्या लेखाच्या शेवटी ‘विदर्भाच्या बंजारा कलेला जीआय मानांकन मिळावे’ अशी मागणी आहे. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ते जरूर मिळावं. भिवापूरच्या मिरचीला मिळालं, वायगावच्या हळदीला मिळालं, नागपूरच्या संत्र्याला मिळालं. पण मानांकनाने काम उभं राहत नाही, उभ्या कामाला मानांकनाने आधार मिळतो. कर्नाटकातलं संदूर पाहा. बळ्ळारी जिल्ह्यातलं हे गाव, एकेकाळचं घोरपड्यांचं संस्थान, म्हणजे आपल्या मराठी माणसाला अगदीच परकं नाही. तिथल्या लंबाणी, म्हणजे बंजाराच, भरतकामाला २०१० मध्ये जीआय मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे एक केंद्र चालू होतं. बायकांना कापड-धागा देणं, काम घेणं, पैसे देणं, विक्री करणं हे सगळं तिथे होत होतं. टाक्यांची नावं नोंदवली गेली: किलन, वेले, बख्या, माकी, सूर्यकांती माकी, तेरा डोरा, रेलो, गादरी, भुरिया अशी चौदा. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची सांस्कृतिक बैठक झाली, तेव्हा संदूर भागातल्या साडेचारशेवर बायकांनी भरलेल्या १७५५ वस्तू मांडल्या आणि गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. विक्रम-बिक्रम ठीक आहे, आजकाल खिचडीचाही होतो. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की साडेचारशे बायका आज, आत्ता, सुई चालवणाऱ्या होत्या. आमच्या तालुक्यात मोजायला बसलो तर कुठे थांबावं लागेल याची मला भीती वाटते.

आणि जीआयचं प्रमाणपत्र आलं तरी त्याखाली ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव कुणाचं लागणार? ज्याला अर्ज भरता येतो त्याचं. म्हणजे उद्या ते माझ्यासारख्या दुकानदाराचं लागू नये, हे आधीच बघायला हवं. वारली चित्रांना २०१४ मध्ये मानांकन मिळालं. आजही माझ्या शेजारच्या दुकानात वारली छापाच्या चादरी ढिगाने आहेत, आणि त्या डहाणूच्या कुठल्या पाड्यावर छापल्या गेल्या असतील असं मला वाटत नाही.

पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नगाऱ्याच्या आकाराची मोठी इमारत आहे, पाहण्यासारखी आहे, सगळ्यांनी पाहावी. माझी विनंती एवढीच की अशा ठिकाणी येणाऱ्या माणसाला कापडाची उलटी बाजूही पाहायला मिळावी. काचेआड दर्शनी बाजू सगळेच लावतात. एक हाताचा तुकडा आणि एक माझ्यासारख्याच्या दुकानातला तुकडा, दोन्ही पालथे करून शेजारी शेजारी लावा. पर्यटकाला दोन मिनिटांत जे कळेल ते कुठल्याही फलकाने कळणार नाही. मशीनचा तुकडा मी फुकट देईन.

शाळांचंही थोडं बोलतो. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या आश्रमशाळा आमच्या भागात ठिकठिकाणी आहेत, आणि गॅदरिंगला त्या माझ्याकडूनच पोशाख भाड्याने नेतात. तो माझा हक्काचा धंदा आहे. पण कार्यानुभवाच्या तासाला याच शाळांत पोरी कागदाची फुलं करतात. त्या तासाला तांड्यावरच्या एखाद्या याडीला बोलवा. सत्कारासाठी शाल-नारळ देऊन नव्हे, तासाचं मानधन ठरवून, हजेरीपटावर सही घेऊन. मी हे एका मुख्याध्यापकांना सुचवलं, तर त्यांनी विचारलं, ‘त्यांचं शिक्षण किती?’ त्यावर मी काय बोलणार? माझं नववी नापास. तरी त्यांच्या सुटाचं माप ते माझ्याकडेच देतात.

कुणी म्हणेल, हा शिंपी स्वतःच्या पायावर दगड मारून घेतोय. तसं नाही. गॅदरिंगसाठी, मिरवणुकीसाठी, रीलसाठी पोशाख हवा असणारं गिऱ्हाईक हाताचं घेणार नाही, आणि घेऊही नये, दुसऱ्या दिवशी ते गाठोड्यातच जायचं. ते गिऱ्हाईक माझं आहे आणि माझंच राहील. ज्याला हाताचं हवं आहे, ज्याच्या खिशात त्याचे पैसे आहेत, असा माणूस वेगळा असतो. आज त्याची फसवणूक होते. तो हाताचं समजून मशीनचं घेतो, घरी नेतो, आरसा निखळला की म्हणतो, ‘बंजारा कामात आता पूर्वीसारखा दम राहिला नाही’. बदनामी कुणाची झाली, याडीची. हातमागाच्या साड्यांवर २००६ पासून हॅण्डलूम मार्कची चिठ्ठी येते. गिऱ्हाईक ती उलटून पाहतं आणि हजार रुपये जास्त मोजतं, हे मी रोज कापड दुकानात पाहतो. तशी साधी चिठ्ठी या कामाला लावता येईल: हाताचं की मशीनचं, कुठल्या तांड्यावरचं, भरणाऱ्या बाईचं नाव काय. मी माझ्या दुकानात यंदापासून हँगरला ‘मशीन काम’ अशी छापील चिठ्ठी लावली आहे. विक्री कमी झालेली नाही. एक-दोघांनी विचारलं, मग हाताचं कुठे मिळेल? त्यांना तांड्याचा रस्ता दाखवला. भाव मात्र तिथे करा म्हणून सांगितलं, माझ्या दुकानातला सांगू नका.

आपणही फोटोखाली ओळ लिहिताना एवढं विचारून घ्यावं. वार्ताहराला कापड उलटून पाहायला किती वेळ लागतो?

आणि रामनवमीच्या जत्रेत जागा वाटणाऱ्यांना आपल्या मार्फत एक सांगणं आहे. दरवर्षी आम्ही दुकानदार आधी जाऊन, पैसे भरून, मंडपाखालच्या मोक्याच्या जागा धरतो. चार बायका गाठोडी घेऊन येतात त्या उन्हात रस्त्याच्या कडेला बसतात, आणि दुपारपर्यंत उठून जातात. चैत्रातलं आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हाताचं काम करणाऱ्या बायकांना भाडं न घेता सावलीतली एक पूर्ण रांग द्यावी, पाण्याच्या टाकीजवळची, आणि त्यांना तिथे बसून भरता येईल एवढी जागा ठेवावी. लोक काम होताना बघतील तर भाव विचारताना घासाघीस कमी करतील. आम्ही मशीनवाले बाहेर बसू. आमचा माल उन्हातही खपतो.

आपला नियमित वाचक,
एक शिंपी, दिग्रस, जि. यवतमाळ

(नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. दरपत्रकं मला पुढेही भरायची आहेत.)